अपुरी तयारी आणि गुरुकृपा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा सप्ताह आला की घराघरांत श्रीगुरुचरित्राची पोथी चौरंगावर येते. सात दिवस नेम सांभाळून वाचन चालतं आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळ होऊन प्रसाद वाटला जातो. ज्या घरात बारावीचं लेकरू आहे, तिथं याच दिवसांत दुसरंही एक पारायण चाललेलं असतं. त्याची समाप्ती जवळ येईल तसा मात्र वाचणाऱ्याला घाम फुटतो. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, मग इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतीच्या पदवीसाठी सीईटी आणि डॉक्टर व्हायचं असेल तर नीट. २०२३ साली नीट ७ मे रोजी झाली, २०२४ साली ५ मे रोजी, २०२५ साली ४ मे रोजी; तिन्ही वेळा मे महिन्याचा पहिला रविवार. म्हणजे दत्तजयंतीपासून जेमतेम पाच महिने हातात राहतात.

नेमक्या याच सुमारास मुलांच्या तोंडून एक वाक्य निघतं, "माझी तयारी झालेली नाही."

माझी नात यंदा बारावीला आहे. अहिल्यानगरला क्लास लावलाय, दिवाळीला राळेगणला घरी आली होती. फराळाचं ताट समोर ठेवून बसली आणि म्हणाली, "आजोबा, अकरावीचं फिजिक्स निम्मं राहिलंय. आता काही होणार नाही. परीक्षेला बसूच नये असं वाटतं." घरात जो तो आपापल्या परीनं बोलला. कुणी म्हणालं, नवस बोल. कुणी फीचा आकडा काढला. कुणी शेजारच्या मुलाचे मार्क सांगितले. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता, पण पोरीचं ताट तसंच राहिलं.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचा विचार करतो आहे, आणि तो आपल्यासारख्या दत्तभक्तांपुढे ठेवावासा वाटतो. ज्याची तयारी अपुरी आहे, त्यानं देवाकडे काय मागावं? आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्याला काय द्यावं?

या प्रश्नाचं उत्तर पोथीत आहे, आणि ते एकदा नाही, दोनदा आलं आहे.

आठव्या अध्यायातली अंबिकेची कथा आपल्याला पाठ असते. पती विद्वान, पण एकुलता वाचलेला मुलगा मंदबुद्धीचा. वडिलांनी शिकवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. पुढे वडील गेले. मायलेकरं भिक्षा मागून दिवस काढू लागली आणि लोक त्या पोराला टोचून बोलू लागले, की बाप केवढा पंडित आणि तू हा असा. शेवटी ऐकणं असह्य झालं आणि दोघं कुरवपूरला कृष्णेच्या काठी जीव द्यायला निघाली. तिथं श्रीपाद श्रीवल्लभ भेटले.

सतराव्या अध्यायातली कथा कोल्हापूरच्या मुलाची. हाही विद्वानाच्या घरचा, आईबाप नसलेला आणि अक्षरशत्रू. यालाही लोकांनी नावं ठेवली. तो घर सोडून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात आला, तीन दिवस अन्नपाण्यावाचून बसला आणि अखेर आपली जीभ कापून देवीच्या पायावर ठेवली. देवीनं स्वप्नात सांगितलं की पलीकडच्या काठी औदुंबराखाली एक यती बसले आहेत, त्यांच्याकडे जा. तिथं श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

या दोन्ही कथांचा शेवट आपण मोठ्या प्रेमानं सांगतो: गुरूंचा हात डोक्यावर आला आणि मुलगा विद्वान झाला. पण ही मुलं त्या टोकाला पोचली कशामुळे? बुद्धी कमी होती म्हणून काही कुणी नदीवर जात नाही. वेद न येणारी माणसं त्या काळीही पुष्कळ होती आणि सुखानं जगत होती. या दोघांना नदीपर्यंत नेलं ते लोकांच्या बोलण्यानं, बापाशी केलेल्या तुलनेनं, 'तू कशालाच लायक नाहीस' या वाक्यानं. गुरूंनी आधी काय केलं तेही पाहू. आधी त्यांनी मरणाच्या वाटेवरून परत फिरवलं, विद्या नंतर दिली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जीव राहिला तर विद्या येईल, आज नाही तर उद्या.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे, १७०० हून अधिक. त्यांतल्या सगळ्याच काही परीक्षेपायी नसतील. पण कृष्णेच्या काठी उभी असलेली मुलं आजही आहेत, आणि त्यांना श्रीपाद श्रीवल्लभांच्या जागी पहिल्यांदा भेटणार आहोत आपण: आजी, आजोबा, आई, बाप. तेव्हा लेकरू 'माझी तयारी नाही' असं म्हणालं की पहिलं उत्तर एवढंच असावं, "बरं झालं सांगितलंस. बस. जेव आधी." पोर अगदी गप्प झालं असेल, जेवण-झोप सोडली असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलत असेल, तर अंगारा लावा, पण डॉक्टरांकडेही न्या. सरकारचा टेलि-मानस नावाचा फोन आहे, १४४१६. तो रात्री-अपरात्रीही लागतो आणि पैसे पडत नाहीत. हा नंबर पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तरी पावित्र्य कमी होणार नाही.

तयारी नसल्याच्या भीतीतून आणखी एक वाट फुटते, ती चोरवाट. २०२४ च्या नीटचं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पेपर फुटला, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाटणा आणि हजारीबाग इथं तो फुटल्याचं मान्य केलं. मात्र सगळ्या देशाची परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. त्याच वर्षी २१ जूनपासून परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा नवा कायदा लागू झाला, संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांना ५ ते १० वर्षांची कैद असलेला. कायदा आपलं काम करेल. पण असे पेपर विकत कोण घेतं? पोराची तयारी नाही हे ज्याला सोसवत नाही असं घर. आपल्या लेकराचं अपुरेपण जो बाप उघड्या डोळ्यांनी पाहू शकतो, त्याला चोरवाटेची गरज पडत नाही.

मग गुरुकृपा कशाला म्हणायचं? हात डोक्यावर ठेवला की मार्क येतात, असा पोथीचा अर्थ घेणारे आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी देवापुढं पेनं ठेवायला रांगा लागतात. श्रद्धेला मी हसत नाही. पेन मीही ठेवीन. पण पोथी नीट वाचली तर दिसतं की कृपा झाली तरी काम कुणाचं चुकलेलं नाही. अंबिकेला गुरूंनी शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं, ते तिला निष्ठेनं करायचं होतं. भिलवडीच्या मुलाला देवीनं विद्या जागच्या जागी दिली नाही. तिनं पत्ता दिला. जखमी तोंडानं, उपाशी पोटानं नदी त्यालाच ओलांडावी लागली. कृपा पलीकडच्या काठावर होती, पण पाण्यात उतरणं त्याचं होतं.

आम्हा राळेगणकरांना हे पोथीइतकंच शिवारातूनही कळलेलं आहे. आमचा पारनेर तालुका अवर्षणाचा. वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. जो पडायचा तो उतारावरून माती घेऊन पळून जायचा. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी आले, त्यांनी आधी यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती केली आणि मग गावाला बरोबर घेऊन पाणलोटाचं काम धरलं. माथ्यापासून पायथ्याकडे चर, झाडं, नालाबांध, पाझर तलाव. आकाशातून पाऊस काही जास्त पडू लागला नाही. पडलेला थांबू लागला, मुरू लागला, विहिरींना पाणी आलं. पाऊस ही कृपा; ती किती पडावी हे आपल्या हाती नाही. बांध घालणं आपल्या हाती आहे. बांध नसेल तर हजार मिलिमीटर पाऊसही वाहून जातो, आणि बांध असेल तर चारशेवर गाव जगतं.

या कामातली आणखी एक गोष्ट अपुऱ्या तयारीच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. गावानं उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं. ऊस वाईट आहे म्हणून नव्हे. आपल्याकडे आहे तेवढ्या पाण्यात काय येईल, हे आधी पाहिलं. ज्या मुलाकडे पाच महिने उरले आहेत त्यानं दोन वर्षांचा अभ्यास पाच महिन्यांत करायला धावू नये. आहे तेवढ्या पाण्यात येणारं पीक घ्यावं. नीटला १८० प्रश्न असतात. त्यांतले ९० जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनाचे प्रत्येकी ४५. ज्याचं फिजिक्स कच्चं आहे, त्याची पाऊण परीक्षा अजून शाबूत आहे. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो. म्हणजे अकरावीचं निम्मं राहिलेल्या माझ्या नातीचं सगळं बुडालं, हे हिशेबानंच खोटं ठरतं. भीती नेहमी बेरीज चुकवते. म्हणून पोरांबरोबर बसून एका कागदावर लिहायला लावावं: काय येतं, थोडं काय येतं, मुळीच काय येत नाही. 'माझी तयारी नाही' हे एक मोठं काळं वाक्य असतं. त्याचे असे तीन रकाने केले की ते आवाक्यात येतं.

आता रोजचा अभ्यास कसा करावा, हे सांगायला अवधूतांचे चोवीस गुरू आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतात आणि एकनाथ महाराजांनी ते मराठीत आपल्या दारापर्यंत आणून पोचवले. त्यांतले चार या मुलांसाठीच आहेत असं मला वाटतं.

पहिला बाण घडवणारा कारागीर. राजाची मिरवणूक वाजतगाजत दारावरून गेली, त्याला पत्ता नाही, कारण तो बाणाचं टोक सरळ करत होता. आजची मिरवणूक खिशात असते, मोबाईल नावाची. दिवसातून तीन तास ती दुसऱ्या खोलीत ठेवली तर पुष्कळ बाण सरळ होतील.

दुसरी बांगड्यांची कुमारिका. पाहुणे आलेले, घरात एकटी, भात कांडायला बसली तर बांगड्या वाजू लागल्या. तिनं एकेक उतरवून हातात एकेकच ठेवली, आवाज थांबला. तुलना ही दुसरी बांगडी. 'त्याचे एवढे आले, माझे एवढेच' हा खणखणाट चालू असेपर्यंत कांडण होत नाही. आणि ही बांगडी बहुतेक वेळा आपणच पोरांच्या हातात घालतो.

तिसरी मधमाशी. ती साठवत बसते आणि मध दुसराच घेऊन जातो. घाबरलेलं पोर गाईड आणतं, नोट्स आणतं, नवा क्लास लावतं, मोबाईलवर शेकडो व्हिडिओ साठवतं. साठा वाढतो, पोटात काही जात नाही. एक पुस्तक तीनदा वाचलेलं बरं, तीन पुस्तकं अर्धवट वाचण्यापेक्षा.

चौथी पिंगला. आता कुणी येईल, मग कुणी येईल म्हणून मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळली. शेवटी आशाच सोडली, आणि त्या रात्री तिला सुखाची झोप लागली. परीक्षेच्या आदल्या रात्रीची गुरू हीच. जे व्हायचं ते झालं, आता निजावं. जागून वाचलेल्या चार पानांपेक्षा पोटभर झोप जास्त मार्क देते.

परीक्षेच्या दालनातही एक धर्म आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ कापला जातो, सोडून दिलं तर काहीच जात नाही. म्हणजे ठाऊक नसताना ठाऊक असल्याचं सोंग आणलं तर दंड आहे, आणि 'हे मला येत नाही' असं प्रामाणिकपणे म्हणून पुढं गेलं तर दंड नाही. मला ही रीत मोठी अध्यात्माची वाटते. आपल्याला काय येत नाही हे ज्याला स्वच्छ दिसतं, त्याची अर्धी तयारी झाली. (सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तिथं एकही प्रश्न कोरा सोडू नये. नियम पाहून वागावं, हाही धर्मच.) आणि पूर्ण तयारी कुणाची असते? २०२५ च्या नीटमध्ये देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याला ७२० पैकी ६८६ गुण होते. बावीस लाखांतला पहिलाही ३४ गुणांनी अपुराच होता.

आपण पारायणाला बसतो तेव्हा तरी कुठे तयार असतो? बावन्न अध्याय, सात हजारांहून जास्त ओव्या. त्यांतल्या किती कळतात? मन किती वेळा स्वयंपाकघरात आणि शेतात जाऊन येतं? तरी आपण म्हणत नाही की चित्त शुद्ध होऊ दे, मग पोथी उघडतो. संकल्प सोडतो आणि आजचे अध्याय वाचतो. वाचता वाचताच चित्त थोडं निवळतं. तयारी झाल्यावर बसायचं असं धरलं असतं तर आजवर एकही पारायण झालं नसतं. पोरांनाही हेच सांगावं: तयारी वाटण्याची वाट पाहू नकोस, आजचा अध्याय उघड.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. हे सगळं करूनही नंबर लागला नाही तर? लपवून उपयोग नाही. २०२५ साली नीटला बावीस लाखांवर मुलं बसली, आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. सतरा-अठरा मुलांमागे एक जागा. उत्तम तयारी केलेल्या अनेकांनाही ती मिळणार नाही. म्हणून निकाल हा पोराच्या लायकीचा दाखला समजू नये. तो जागांचा हिशेब आहे.

आमच्या गावात या बाबतीत एक रीत पडली, तिचा मला अभिमान आहे. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाचं हायस्कूल इथं १९७९ साली सुरू झालं. चांगल्या शाळा हुशार मुलं निवडून घेतात. इथं उलटं ठरलं. दुसरीकडे नापास झालेली, 'वाया गेलं' असा शिक्का बसलेली मुलं आधी घ्यायची. लोक तिला नापासांची शाळाच म्हणू लागले. वसतिगृहात राहायचं, पहाटे उठायचं, व्यायाम, अभ्यास, शिस्त. तीच मुलं इथं पास होऊ लागली. या शाळेमागची व्यक्ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. शाळेनं काही वेगळी बुद्धी वाटली नाही. 'तुझ्यासाठी इथं जागा आहे' एवढं आधी सांगितलं आणि मग काम करून घेतलं. कुरवपूरला आणि औदुंबराला गुरूंनी जो क्रम धरला, तोच हा क्रम.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. अपुऱ्या तयारीच्या मुलानं देवाकडे मार्क मागू नयेत. जे येतं ते त्या तीन तासांत आठवेल असं शांत मन मागावं, आणि नदीत उतरायचं बळ मागावं. आपण वडीलधाऱ्यांनी त्याला एक खात्री द्यावी, की निकाल काहीही लागो, या घरातलं तुझं पान वाढलेलं राहील. ही खात्री असलेलं पोर जास्त अभ्यास करतं, कारण त्याची निम्मी शक्ती भीतीत जात नाही. आणि समजा नाहीच झालं, तर फार्मसी आहे, नर्सिंग आहे, शेती आहे, पुढचं वर्ष आहे. दत्तगुरूंनी पृथ्वीपासून कोळ्यापर्यंत चोवीस दारांशी विद्या मागितली. आपल्या लेकरानं एकाच दारावर डोकं का आपटावं?

यंदा पारायणाच्या समाप्तीला आरती झाली की घरातल्या विद्यार्थ्याला जवळ बोलवा. परीक्षेचं काही विचारू नका. श्रीगुरूंनी ठेवला तसा त्याच्या मस्तकावर हात ठेवा आणि प्रसादाचा पहिला घास त्याला द्या.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!